अनीपा एजेंचा काळा-पांढरा धागा

एप्रिल लागला की अनीपा एजे, म्हणजे पहिलीच्या अनीपाताई, लोकर वळायला बसायच्या. एक पदर काळ्या मेंढीचा, एक पांढरीचा. दोन्ही मांडीवर घेऊन तळहाताने असा पीळ द्यायच्या की सुरी लावल्याशिवाय धागा तुटता कामा नये. वर्गात जितकी मुलं तितके धागे. त्यांचा नवरा साबिर शाळेच्या तळघरातला कोळशाचा बंब सांभाळायचा. तो दरवर्षी विचारायचा, "काय गं, दुकानात दोरी मिळत नाही का?" आणि एजे दरवर्षी सांगायच्या, "मिळते की. तुझ्या तोंडाला बांधायला आणते एक दिवस."

आमच्या डोंगराळ मुलखात मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांत असा काळा-पांढरा धागा बांधतात आणि कोणा चांगल्या माणसाच्या हातून कापून घेतात. ज्याच्या हातून कापला त्याची चाल मुलात उतरते म्हणे. त्यामुळे सुरी कोणाच्या हाती द्यायची यावरून घराघरांत रुसवेफुगवे, आणि व्याही-व्याही वर्षभर बोलत नाहीत अशीही उदाहरणं आहेत. अनीपा एजेंनी काय केलं, तर ही रीत उचलून शाळेत आणली. पहिलीचं अक्षरांचं पुस्तक, अलिप्पे, मे महिन्यात संपतं आणि त्याचा सण होतो. तो सगळ्याच शाळांत होतो, फुगे, फिती, गाणी, तळलेल्या पिठाच्या बोरसोकांच्या पराती. पण एजेंच्या वर्गात त्या दिवशी प्रत्येक मुलाचं अलिप्पे धाग्याने करकचून बांधलेलं असायचं. मुलाने पुढे यायचं, एजेंच्या स्वतःच्या प्रतीतून एक पान खणखणीत वाचायचं, आणि मग घरच्यांनी निवडलेल्या माणसाने त्याच्या पुस्तकाचा धागा कापायचा. पोर आता वाचायला चालू लागलं, असा त्याचा अर्थ.

एकतीस वर्षांत एकही पुस्तक बांधलेलं राहिलं नव्हतं. तोतरी पोरं वाचून गेली, रडकी वाचून गेली, एक तर असा होता की पान वाचेपर्यंत एजेंचा हात सोडायला तयार नव्हता, तोही वाचून गेला. मधली काही वर्षं अशी आली की शाळेत कोळसा नाही, खिडकीला काच नाही. तेव्हा पोरं सकाळी काखेत शेणाची एकेक गोवरी घेऊन यायची आणि एजे हातमोजे घालून फळ्यावर लिहायच्या. त्याही वर्षांत सगळे धागे कापले गेले. एजेंना याचा गर्व होता का? होता की! नसायला काय झालं? बुटक्या, जाडजूड बाई, आवाज नदीच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाणारा. शिक्षकांच्या खोलीत चहा ओतताना म्हणायच्या, "पोर दारातून आत आलं ना, की मला त्याच्या चालीवरून कळतं ते कसं वाचणार ते." कोणी हसलंच तर एजे त्याच्याकडे अशा बघायच्या की तो पुढचा घोट फुंकर न मारताच घ्यायचा.

त्या साली वर्गात तेवीस मुलं होती. आयतुर्गान त्यांत सगळ्यात शेवटी आली, ऑक्टोबर संपताना. तिचा आजोबा एशिम्बेक गावाची मेंढरं चारायचा. त्या शरदात वरचं गवत टिकलं म्हणून तो कुरणावरून उशिरा उतरला आणि नातही त्याच्याबरोबरच उतरली. आईबाप मॉस्कोत कामाला. पहिलं नातवंड आजी-आजोबांच्या चुलीपाशी वाढायचं ही आमची रीतच आहे, त्यात कोणी हळहळत नाही. पोरगी आली ती थंडीने तडकलेले लाल गाल घेऊन, पायात एक माप मोठे रबरी बूट. तोवर वर्गात चौदा अक्षरं शिकवून झाली होती.

एजेंनी मनात म्हटलं, हिला नव्या वर्षाच्या सुट्टीपर्यंत धरून बसवावं लागणार. पण कसलं काय! तीन आठवड्यांत आयतुर्गान वर्गाच्या पुढे. फळ्यावरचं वाच म्हटलं की वाचायची, पुस्तकातलं वाच म्हटलं की वाचायची, न अडखळता, सुरात, जणू आजोबाच्या शेजारी बसून घोड्यावरून चाललीय. एप्रिलच्या शेवटी उपमुख्याध्यापक तालाय आगाय, म्हणजे तालाय सर, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून आले. मिनिटाला किती शब्द, हे ते दर वसंतात मोजायचे. पहिलीला तीस शब्द झाले तरी पुष्कळ. आयतुर्गानचे एकसष्ट झाले. तालाय आगायांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, ते चालतंय की नाही म्हणून.

त्याच संध्याकाळी एशिम्बेक आपली लोकरीची टोपी, कालपाक, हातात धरून शाळेच्या दारात उभा राहिला. "मुगालिम," तो म्हणाला, एजेंना तो नावाने कधी हाक मारायचा नाही, मास्तरीण म्हणूनच बोलायचा, "आमच्या पोरीचा धागा तुम्हीच कापा. तुमचा आवाज तिच्यात उतरू दे. आणि तो ताठाही."

"ताठा कुठाय माझ्यात?" एजे म्हणाल्या, पण घरी जाताना त्यांनी साबिरला हे तीनदा सांगितलं.

मे महिन्याच्या दहा तारखेला मात्र सगळं उलटं झालं.

आयतुर्गानच्या शेजारी बसणाऱ्या पोराने दोन दिवस आधी मधल्या सुट्टीत तिच्या पुस्तकावर साय आणि मुरंबा सांडला. रुमालाने पुसल्यासारखं केलं आणि पुस्तक मिटून टाकलं. दोन दिवसांत चौऱ्याहत्तर आणि पंचाहत्तर ही दोन पानं एकमेकांना अशी चिकटली की एकच जाड पान झालं. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी एजे बाकांमधून फेऱ्या मारत होत्या. "पान चौऱ्याहत्तर, आयतुर्गान, वाच." आयतुर्गान उभी राहिली, पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि वाचू लागली. सशाची गोष्ट, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही चूक नाही. एजे मागून आल्या आणि तिच्या खांद्यावरून त्यांनी सहज पुस्तकात डोकावलं. पोरीपुढे शहात्तरावं पान उघडं होतं. त्यावर ट्रॅक्टरचं चित्र होतं. सशाची गोष्ट आतल्या चिकटलेल्या पानांत बंद होती.

एजे फक्त "बस," म्हणाल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मुलांना वाटलं, बाहेर काहीतरी बघतायत.

शाळा सुटल्यावर त्यांनी पोरीला थांबवून घेतलं. सुरीने ती दोन पानं हळूहळू सोडवली आणि ससा तिच्यापुढे ठेवला. आयतुर्गानचं तोंड एवढंसं झालं.

"चुकलं का माझं, एजेके?"

"एकही शब्द चुकला नाही. तीच तर पंचाईत आहे."

मग एजेंनी एका कागदावर साधं वाक्य लिहिलं, 'खिडकी उघड', आणि तिच्यासमोर धरलं. पोरगी कागदाकडे बघत राहिली. ओठ हलले, पण आवाज नाही. डोळे भरून आले.

"किती पाठ आहे तुला?"

"सगळं," आयतुर्गान म्हणाली. "बाकीची पोरं वाचतात ना, ते मी ऐकते. आताके जुनी गाणी म्हणतात, ती पण मी एकदाच ऐकते. मी आले तेव्हा सगळ्यांना येत होतं. मला विचारायची लाज वाटली." आजोबाला ती आताके म्हणायची.

त्या रात्री एजे जेवल्या नाहीत. साबिरने विचारलं तर म्हणाल्या, "एकतीस वर्षं! आणि सात वर्षांच्या पोरीने मला बाजारातल्या भाबड्या बाईसारखं गुंडाळलं. बरं, तिने फसवलंही नाही रे, मीच फसले. एकसष्ट शब्द ऐकून फुगून बसले होते ना!" राग आला होता तो स्वतःचा, आणि लाजही वाटत होती. आपल्याला लाज वाटते हे त्यांना अजिबात सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तालाय आगायांना सांगितलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो एजे, रजिस्टर भरून झालंय. सणाला पोरगी एक पान म्हणेल, टाळ्या पडतील, पुढच्या वर्षी बघता येईल. कोणाला कळणार आहे?"

"मला."

"तुम्ही गप्प बसलात तर..."

"तालाय, मी तुला पहिलीत शिकवलंय. मी गप्प बसते असं तुला कधी आठवतंय का?"

तालाय आगायांनी स्टॉपवॉच उगाचच चालू करून बंद केलं.

खरी अडचण वेगळीच होती. एशिम्बेक चौदा तारखेला मेंढरं घेऊन वर निघणार होता. म्हातारा-म्हातारी दोघंही जाणार, मग नात तरी मागे कोणाकडे राहणार? आणि सण चोवीसला; त्या एका दिवसापुरता तो तिला घेऊन उतरणार, पण मधल्या दहा दिवसांत तिला शिकवणार कोण? म्हणजे वाचता न येणारी पोरगी कुरणावर जाणार, शाळेत पुन्हा ऑक्टोबरात येणार, आणि तिचं अलिप्पे बांधलेलंच राहणार. एजेंचा गर्व गेला तर गेला, पण पोरीचं काय? दुसरीत हिला सगळे पुढे ढकलतील, हुशार आहे म्हणून. तिसरीत एखादा मास्तर वाचायला उभी करेल आणि पोरं हसतील. एजेंना ते डोळ्यांसमोर दिसत होतं.

बारा तारखेला त्या एशिम्बेकच्या अंगणात गेल्या. ट्रकवर तंबूचे लोकरी नमदे, काठ्या, लोखंडी चूल चढवणं चाललं होतं. आयतुर्गान तांबड्या घोडीच्या मानेला बिलगून उभी होती. घोडी पोटुशी होती, दिवस भरत आलेले. गेल्या वसंतात तिचं शिंगरू मेलेलंच जन्मलं होतं आणि पोरगी दोन दिवस जेवली नव्हती, हे गावाला माहीत होतं.

"एशिम्बेक-आके," एजे म्हणाल्या, "तुमच्या नातीला वाचता येत नाही."

एशिम्बेक हसला. "सकाळीसकाळी थट्टा? पोरगी आख्खं पुस्तक वाचते."

"वाचत नाही. पाठ म्हणते."

म्हाताऱ्याने हातातली काठी खाली ठेवली. "बरं, मग? माझा बाप सबंध रात्र जुनी गाणी म्हणायचा, त्याच्या हातात कधी पुस्तक होतं? लोक दुसऱ्या खोऱ्यातून ऐकायला यायचे. पाठ असणं काय पाप आहे?"

"तुमच्या बापाला मीही मानते. पण उद्या हिच्या हातात औषधाची बाटली आली तर ती कोणाकडून पाठ करून घेणार?"

म्हाताऱ्याने काठी पुन्हा उचलली. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

"पोरगी ऑक्टोबरपासून तुमच्या नाकासमोर बसतेय. आणि तुम्हाला परवा कळलं?"

अंगणातले दोघे-चौघे शेजारी काम थांबवून बघायला लागले. एजेंचे कान लाल झाले. "हो," त्या म्हणाल्या, नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, "माझी चूक. पोरीची नाही. मी फसले."

"आणि मी तुम्हाला धागा कापायला सांगितलं होतं!" एशिम्बेक भडकला. "विसरा ते. तुमच्यापेक्षा माझ्या तांबडीच्या तोंडात सुरी देईन. तिला निदान आपलं पिल्लू ओळखता येतं!"

शेजारी हसले. एजेंनी ते गिळलं. "घोडीला द्या, हरकत नाही. पण पोरगी दहा दिवस माझ्या घरी ठेवा. चोवीसला या आणि ऐका. यंदा मी पुस्तकातलं पान वाचायला देणारच नाही. प्रत्येक घराने एक चिठ्ठी लिहायची, मुलाला माहीत नाही असं काहीतरी. मूल ती सगळ्यांसमोर उघडेल आणि वाचेल."

"मला जे माहीत ते सगळं तिला माहीत आहे," म्हातारा गुरगुरला. "सात पिढ्यांच्या बापजाद्यांची नावं लिहीन मी. तिसऱ्या वर्षापासून पाठ आहेत तिला."

"एशिम्बेक-आके, असं करू नका."

"मी काय लिहायचं ते मी बघतो. तुम्ही तुमचं बघा."

पण पोरगी ठेवली त्याने. जाताना आयतुर्गान घोडीच्या मानेला सोडेना. आजोबाने तिला उचलून एजेंच्या अंगणात आणून ठेवलं आणि मागे न बघता निघून गेला.

चिठ्ठ्यांची गोष्ट पालकांच्या ग्रुपवर गेली आणि एकच कल्लोळ. आमचं अक्षर वाईट आहे, आम्ही काय लिहायचं, दरवर्षीचं पानच बरं होतं, पोरं रडतील, एका आईने तर विचारलं की मोबाइलवर टाइप करून चालेल का. एजेंनी एकच उत्तर पाठवलं: 'सुटी अक्षरं काढा. मोठी काढा. खरं लिहा.' आणि फोन उशीखाली ठेवून दिला.

दहा दिवसांतले पहिले काही दिवस म्हणजे नुसती डोकेफोड. पोरीला ती आल्यानंतर शिकवलेली अक्षरं येत होती, आधीची चौदा येत नव्हती. मधल्या पायऱ्या गळून पडलेल्या शिडीवर कोणाला चढवायचं तसं ते काम. बरं, तिची स्मरणशक्तीच आड यायची. एखादा शब्द एकदा कानावर पडला की तो पक्का, मग डोळे अक्षराकडे जाणारच नाहीत. मिठाचं पाकीट वाचायला दिलं तर साबिर मधेच बोलला, "मीठ, बारीक, एक किलो." झालं! आयतुर्गानने पाकीट हातात घेऊन खडाखडा म्हटलं, "मीठ, बारीक, एक किलो."

"तोंड बंद ठेव रे!" एजे ओरडल्या. "या घरात आजपासून कोणीही काहीही वाचून दाखवायचं नाही!"

"मी तर मिठाचं बोललो," साबिर म्हणाला आणि बंबाकडे निघून गेला.

अलिप्पे तर त्यांनी पेटीत कुलूप लावून ठेवलं. त्याऐवजी औषधांच्या डब्या, काड्यापेट्या, बसच्या काचेवरची पाटी, तळघराच्या दारावरचं 'आत येऊ नये'. पोरीला ओळखीचं काही सापडू द्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी आयतुर्गान चिडली. "मला सगळं येत होतं, तुम्हीच बिघडवलंत!" असं म्हणून ती जिन्यात जाऊन बसली. एजे तिच्याशेजारी जाऊन बसल्या. खिशातून त्यांनी सुकवलेल्या दह्याचा कुरुतचा गोळा काढला, एक तिला, एक आपल्याला. दोघी बराच वेळ चघळत राहिल्या.

"तांबडी व्याली असेल का?" पोरीने विचारलं. हे ती रोज संध्याकाळी विचारायची.

"मला माहीत नाही."

"तुम्हाला फोन करून विचारता येणार नाही?"

"वर रेंज नाही. कोणी आलं तरच कळणार."

त्या रात्री एजेंना झोप लागेना. पोरीला पाहिजे ते काय आहे हे त्यांना आता कळलं होतं. तिला बातमी पाहिजे होती. अक्षरांचं तिला काय करायचंय, तिच्याकडे गोष्टी भरपूर होत्या. सकाळी आयतुर्गान उठली तर उशीपाशी एक चिठ्ठी: 'कढईखाली बघ.' पोरगी अर्धा तास त्या दोन शब्दांशी झटत होती, एजे चुलीपाशी पाठ करून उभ्या. साबिरला घराबाहेर काढलं होतं. शेवटी कढईचं झाकण खणकन वाजलं. खाली एक गोळी होती, कागदात गुंडाळलेली, आणि दुसरी चिठ्ठी: 'साबिरच्या बुटात बघ.' बुटात तिसरी. दुपारपर्यंत पोरीने घर उलथंपालथं केलं आणि तीन ठिकाणी आडवी-तिडवी वाचून भलत्याच जागी शोधलं. चुकलं की तिला लगेच कळायचं, कारण तिथे गोळी नसायची. एजेंना काही सांगावंच लागलं नाही.

तेवीस तारखेच्या संध्याकाळी आयतुर्गान हळू वाचत होती, बोट ठेवून, मधेमधे थांबत. पण वाचत होती. "पुरे," एजे म्हणाल्या. "उद्या जे होईल ते होईल." त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. म्हाताऱ्याने खरंच सात पिढ्या लिहून आणल्या तर? पोरगी पहिलं नाव ओळखेल आणि बाकीची सहा न बघता म्हणून टाकेल. टाळ्या पडतील, एशिम्बेक मिश्या पिळेल, आणि खरं काय ते कोणालाच कळणार नाही. पोरीलाही नाही.

चोवीसला वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. फुगे, मुलींच्या डोक्यावर मोठाल्या पांढऱ्या फिती, टेबलावर तेवीस बांधलेली पुस्तकं आणि बाजूला सुरी. तालाय आगाय स्टॉपवॉच घेऊन पुढच्या बाकावर. एशिम्बेक अजून आला नव्हता.

मुलं एकेक करून पुढे आली. कोणाच्या चिठ्ठीत होतं, 'बाबा शनिवारी येणार.' कोणाच्या, 'तुझा दात मी जपून ठेवलाय.' एकाच्या आईने लिहिलं होतं, 'मोबाइल तू फोडलास हे मला माहीत आहे', तो पोरगा अर्ध्यातच थांबला आणि आईकडे बघू लागला, आणि सगळा वर्ग खो-खो हसला. त्याचा धागा त्याच्या मामाने कापला. ज्या आया ग्रुपवर भांडत होत्या त्याच आता डोक्याच्या रुमालाने डोळे पुसत होत्या. एजेंना बरं वाटलं. पण नजर दाराकडे.

बाविसावं मूल झालं तेव्हा एशिम्बेक आला. कपड्यांवर धूळ, कालपाक काखेत, रात्रभर घोड्यावर असावा. त्याने एजेंकडे पाहिलंही नाही. खिशातून चहाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा काढला, चौपदरी घातलेला, आणि नातीच्या हातात दिला.

आयतुर्गानने पुठ्ठा उघडला. एजे तिच्या मागे होत्या, पण या वेळी त्यांनी खांद्यावरून डोकावलं नाही. तालाय आगायांनी घड्याळ दाबलं.

"आ... आय... तुर्गान," पोरीने वाचलं. एप्रिलात मिनिटाला एकसष्ट शब्द म्हणणारी ही पोरगी, आणि आज आपल्या नावावरच अडतेय, हे बघून मागच्या बायांत कुजबूज झाली. एशिम्बेकने तिकडे असं पाहिलं की ती लगेच थांबली.

"तां... तांब... डी." बोट पुढे सरकलं. "तांबडी. घो... घोडी. व्या..." ती थांबली. एजेंनी कान टवकारले. सात पिढ्यांत घोडी नव्हती.

आयतुर्गानने पुठ्ठा डोळ्यांच्या जवळ नेला. ओठ हलले, आवाज आला नाही.

"मोठ्याने वाच," तालाय आगाय म्हणाले. "बाळ, मोठ्याने, वेळ चाललाय."

"थांब रे जरा!" एजे म्हणाल्या.

पोरीने मान वर केली आणि आजोबाकडे पाहिलं. "व्याली? कधी?"

"पुढं वाच की," एशिम्बेक म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "सगळं लिहिलंय तिथं."

पोरगी पुन्हा खाली वाकली. आता वर्ग, फुगे, घड्याळ, तिला काहीच दिसत नव्हतं. बोट भराभर पुढे, मागे, पुन्हा पुढे. एक शब्द तिने दोनदा वाचला. मग तिच्या तोंडून अगदी बारीक आवाज आला, "जिवंत आहे." आणि थोड्या वेळाने, "कपाळावर पांढरं." आणि मग एकदम मोठ्याने, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असं, अगदी अनीपा एजेंसारखं, "माझं? आताके, माझं?"

"कागदावर लिहिलंय ना?"

"लिहिलंय!" आयतुर्गान ओरडली. "मी वाचलं!"

एजेंना पुढचं नीट दिसलं नाही, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. तालाय आगायांनी घड्याळ थांबवलंच नव्हतं, ते संध्याकाळपर्यंत त्यांच्या गळ्यात चालत राहिलं.

शेवटचं बांधलेलं पुस्तक टेबलावर होतं. कोण कापणार, हे एशिम्बेकने सांगायचं होतं. त्याने टेबलावरची सुरी उचलली, धार अंगठ्यावर तपासली, आणि मूठ पुढे करून अनीपा एजेंसमोर धरली.

"तांबडीलाच बोलावणार होतो, मुगालिम," तो म्हणाला. "पण ती नुकतीच बाळंत झालीय. तुम्हीच कापा."